कुलूप काढलेली टाकी

एइता, ३ मे

प्रिय माकुरीता,

तुझं विमान माडांच्या शेंड्यांवरून गेलं तेव्हा तुझी तेरेंगा माझ्या कडेवर होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही, माझ्या कानातलं ओढत बसली. तुला हे ऐकून बरं वाटेल की वाईट, ते कळेना, म्हणून दोन्ही सांगते. दिवसा रडली नाही. संध्याकाळी तुझी निळी लुंगी सापडली तिला, ती नाकाशी धरून रडली. मग मी ती लुंगीच तिला पांघरली आणि ती झोपली.

लांब फिजीत, सुवाला मास्तरीण व्हायला गेली आहेस, तर माझी पत्रं लाल शाईनं तपासू नकोस म्हणजे झालं. मला शाळेत शिकले तेवढंच येतं.

टाकीच्या नळाला तू कुलूप लावून गेलीस, त्याची किल्ली माझ्या गळ्यात आहे. काल कैंताबू मावशी गावच्या सभाघरात, मनेआबात सगळ्यांसमोर म्हणाली, "पाण्याला कुलूप! आता वाऱ्यालाही लावा गं बायांनो, तेवढंच राहिलंय." सगळ्या हसल्या. मीही हसले. मावशीच्या जिभेला हाड नाही, तू मनावर घेऊ नकोस. पण खरं सांगू का, एवढ्या मोठ्या गावात पाण्याला कुलूप लावलेलं आपलंच एक घर. येता-जाता लोक आधी कुलपाकडे बघतात आणि मग माझ्याकडे.

ते राहू दे. तू सांगितलंस तसंच चाललंय. टाकीतलं आभाळाचं पाणी फक्त तेरेंगाला. मी आणि बाउरो, आम्ही नवरा-बायको विहिरीचं पितो, उकळून. कॉलऱ्याच्या साली आपला भाऊ गेला तेव्हापासून आईनं लावलेली सवय आहे, ती काय सुटते! चुलीपाशी बसून कशी ओरडायची आठवतं? "बुडबुडे आल्याशिवाय पोरांच्या तोंडाला भांडं लावलंत तर याद राखा!" तुझ्या नवऱ्यानं बोटीवरच्या कमाईतून आधी टाकी घेतली, घराचे पत्रे नंतर, ते आईला बघायला हवं होतं.

टाकी गळ्यापर्यंत भरलेली आहे. काळजी करू नकोस.

तुझी,
तेबोरा


एइता, १८ जुलै

प्रिय माकुरीता,

तुझी लेक एक वर्षाची झाली. असा वाढदिवस या बाजूला बऱ्याच वर्षांत झाला नसेल! मनेआबात चटया पुरेनात. डुकरं, मासे, नीरफणस, भात, सगळं होतं. तुझे सासरे नाचले, आणि नाचताना त्यांची लुंगी सुटली ती पाद्रीबाबांनी धरली. तेरेंगाच्या डोक्यावर फुलांचा मुकुट घातला होता. तो तिनं काढला आणि खाल्ला.

तू तिथे असायला हवी होतीस. हे लिहिणार नव्हते, पण लिहून गेलं.

डुकरं बाउरोनं दोन महिने आधीपासून विहिरीला लागूनच बांधली होती. पूर्वीच्या जागी सावली नव्हती, आणि वाढदिवसाची डुकरं चोरीला गेली तर तोंड कुठे दाखवायचं? शिवाय पाणी पाजायला सोपं. आता खाऊन उरलेली आहेत ती तिथेच आहेत. हलवू एखाद्या दिवशी.

आणखी एक सांगायचं आहे. तू ओरडशील. वाढदिवसाची बैठक चालू असताना मावशी उठली, सगळ्यांच्या मधून चालत माझ्यासमोर आली, मांडी घालून बसली आणि म्हणाली, "तेबोरा, माझी बुबुसी आहे. पोरीच्या पहिल्या वाढदिवसाला पाहुण्यांना विहिरीचं पाजू नकोस. टाकीचं दे."

आता तूच सांग. रक्ताच्या माणसानं बुबुसी म्हणून तोंड उघडलं की अंगावरचं असो नाहीतर ताटातलं, काढून द्यायचं. आपल्या सात पिढ्यांत कुणी नाही म्हटलंय? आणि मागणं होतं तुझ्याच लेकीसाठी. गळ्यातली किल्ली काढताना मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बायका माझ्याकडे बघून मनापासून हसल्या.

एका दिवसापुरतंच. कुलूप परत लावलंय.

तेबोरा


एइता, १५ ऑगस्ट

प्रिय माकुरीता,

शनिवारी तू फोन लावलास आणि मी टेलिफोनच्या ऑफिसात आले नव्हते, म्हणून रागावली असशील. बस बंद पडली. चालत यावं तर ऊन मी म्हणत होतं आणि पोर कडेवर. पुढच्या शनिवारीही जमेल असं वाटत नाही. पत्रच बरं. पत्रात माणूस सावकाश बोलतो.

पाऊस नाही. ढग येतात, आपल्याला ओलांडून समुद्रात जाऊन बरसतात. केवड्याची पानं काळी पडली. विहिरीचं पाणी खारट होत चाललंय. पण आपली टाकी मात्र धड आहे. तुझे सासरे दर रविवारी प्रार्थनेनंतर येतात, बोटाच्या पेरानं टाकीला खालून वर ठोकत जातात आणि म्हणतात, "अजून भरीव वाजतेय! माझ्या मुलानं टाकी घेतली की देवाची विहीर?" मी हसते. दुसरं काय करणार?

लोक मागायला येतात, हे तुझ्यापासून लपवत नाही. लहान पोरं असलेले येतात. मावशी रोज येते, तिच्या इओतेबासाठी. तिची सून त्याला आजीकडे टाकून बेटिओला मासळीच्या कामाला गेली, आता मावशीच त्याची आई. रोज रोज कुलूप काढा-घाला कोण करणार, म्हणून ते खुंटीला अडकवून ठेवलंय. मावशी सगळ्यांना सांगत फिरते, "धाकटी कुलूप लावून गेली, थोरलीनं घराण्याचं नाव राखलं." मी तिला म्हटलं, असं बोलू नये. हळू म्हटलं, पण म्हटलं.

बाउरोचा घसा बसलाय. माडावर नीरा काढायला चढतो पण गात नाही. काल शेजारीण म्हणाली, "वरून गाणं नाही आलं तर माडावर माणूस आहे हे कसं कळायचं, आणि खाली आम्ही आंघोळ कधी आटपायची?"

माझे खांदे दुखतात. बादल्यांनी. डुकरांना पाणी फार लागतं.

तेरेंगाला मी हल्ली टाकीचंही पाणी उकळूनच देते. उगाच आपलं. आईची सवय.

तेबोरा


एइता, ६ सप्टेंबर

माकुरीता,

मावशीचा इओतेबा गेला.

जुलाब लागले. मावशीला वाटलं दात येताहेत. दुसऱ्या दिवशी डोळे खोल गेले, तेव्हा इस्पितळात नेलं. नळी लावली तोवर त्याच्या अंगात काही उरलं नव्हतं. घराशेजारी पुरला. मावशीनं स्वतः समुद्रावरून पांढरे खडे वेचून आणले आणि वर अंथरले.

तेरेंगाचंही पोट बिघडलं होतं. तुला आधी कळवलं नाही कारण कळवून तू तिकडून काय करणार होतीस! शहाळ्याचं पाणी आणि मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजत राहिले. आता बरी आहे. काल तिनं भात मागितला. खरंच बरी आहे, आईची शपथ.

जास्त लिहवत नाही.

ते.


एइता, २६ सप्टेंबर

प्रिय माकुरीता,

तुझं पत्र मिळालं. मावशीनं तुला लिहिलेलं पत्रही तू सोबत पाठवलंस, ते वाचलं. "तू पाण्याला कुलूप लावलंस, त्या पाण्याला तहानलेल्यांची हाय लागली, आणि माझा नातू नेला." एवढं वाकडं-तिकडं तिचं अक्षर मी कधी पाहिलं नव्हतं.

तू विचारतेस, ताई, मी असं काय केलं? काहीच नाही गं. दुःखात माणूस काहीही बोलतं.

नर्स आली होती. तिनं चार ठिकाणचं पाणी छोट्या बाटल्यांत भरलं आणि सावलीत ठेवायला सांगितलं. काळं झालं तर घाण, नाही झालं तर चांगलं. विहिरीच्या बाटल्या काळ्या होणार हे शेंबडं पोरही सांगेल. पण आपल्या टाकीची बाटली सगळ्यांत आधी काळी झाली. नर्स दोनदा भरून घेऊन गेली. म्हणाली, पत्र्यावर पक्षी घाण करत असतील, उंदीर मेला असेल. बाउरो टाकीत उतरून बघून आला. उंदीर नव्हता.

तेव्हा मावशी म्हणाली, "उंदीर कशाला हवा? कुलपाची हाय आहे ती." आणि लोकांनी माना डोलावल्या. आता गावात तुझ्या नावानं हेच चाललंय. तू परत आलीस की तुझ्या हातचं कुणी पाणी पिणार नाही, असं बेरिया काकू म्हणाली.

मी तिथेच बसले होते. मी काही बोलले नाही. डोकं दुखत होतं.

तेबोरा


एइता, ९ ऑक्टोबर

माकुरीता,

हे पत्र एकटी असशील तेव्हा वाच.

आधीची पत्रं पुन्हा काढून बघ, सगळीकडे तुला भोकं दिसतील. बस बंद पडली नव्हती. फोनवर तू माझा आवाज ऐकला असतास, आणि लहानपणापासून मी खोटं बोलले की तुला आवाजावरून कळतं. कागदाला आवाज नसतो, म्हणून पत्रं लिहीत राहिले.

वाढदिवसानंतर टाकी अर्धी झाली होती. मी कुलूप परत लावलं नाही. लावलं असं खोटं लिहिलं. किल्ली गळ्यातून काढल्यावर लोक ज्या नजरेनं बघायला लागले, ती नजर मला सोडवेना. जन्मभर मी वांझोटी तेबोरा, तू बोटीवाल्याची बायको, टाकीवाली, शिकलेली. त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा लोक माझ्या दारात येत होते, आणि प्रत्येकाला मी देत होते. तुझं पाणी, आणि नाव माझं.

मग टाकी पोकळ वाजायला लागली. तुझे सासरे रविवारी येऊन ठोकणार. आणि संपलं म्हणून सांगितलं असतं तर लोक काय म्हणाले असते? घरच्यांसाठी लपवून ठेवलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसं मी मूठ झाकायला निघाले. पहाटे उठून विहिरीचं पाणी बादल्यांनी वरून टाकीत ओतायला लागले. रोज. डुकरांना नव्हत्या त्या बादल्या.

मनाला सांगत होते, हेच पाणी आपण पीत आलो ना? आपण मेलो का? पण आपण उकळून पीत आलो, माकुरीता. टाकीचं कुणी उकळत नाही. टाकीचं म्हणजे आभाळाचं. आणि विहिरीला लागून डुकरं होती, ती तर माझ्याच घरची. कुणी म्हणालं, पाणी खारट लागतंय, तर मी म्हटलं, समुद्राचा वारा, पत्र्यावर मीठ बसतं. किती पटकन सुचलं मला ते!

बाउरोला ठाऊक होतं. एका पहाटे मी शिडीवर बादली घेऊन उभी, आणि माडावरून त्याचं गाणं येत होतं. मधेच थांबलं. मी वर बघितलं नाही. तो खाली उतरला, नीरेची करवंटी ठेवली आणि जेवायला बसला. त्या दिवसापासून तो गायला नाही. त्याचा घसा ठणठणीत आहे.

आता सगळ्यांत वाईट. तेरेंगाला मी उकळून देत होते. तिचं भांडं वेगळं, झाकण वेगळं. म्हणजे मला कळत होतं. नकळत झालं असं म्हणायलाही मी जागा ठेवली नाही. बाकीच्यांच्या पोरांना मी तसंच भरून देत होते, हसून देत होते.

आणि मी उकळून देऊनही ती त्यातून सुटली नाही, कारण ती मावशीच्या मांडीवर खेळायची. मावशी नीरेत आपल्या टाकीचं पाणी घालायची, एका करवंटीतून इओतेबाला एक घोट, तेरेंगाला एक घोट. "खोटी आजी असले तरी दोघांना सारखं," म्हणायची. दोघंही एकाच दिवशी आजारी पडली. तुझी जगली. का जगली मला माहीत नाही. मी चांगली म्हणून तर नक्कीच नाही.

हे तुला मी सांगितलं नसतं. मनाशी ठरवलं होतं, पाऊस येईल, टाकी धुऊन निघेल, तू परत येशील, लोक विसरतील. तुझं नाव खराब होतंय ते बघत बसले होते आणि डोकं दुखतंय म्हणत होते.

पण परवा मावशी आली. सुतक फिटल्यावर पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. काखेत नवी चटई, तिनंच विणलेली, इओतेबासाठी विणायला घेतली होती ती. सोबत तिच्या दोन जावा, आणि बेरिया काकू. ओट्यावर येऊन माझ्यासमोर मांडी घातली. चटई माझ्यापुढे ठेवली. चटई घेऊन कुणी किरकोळ मागायला येत नाही.

"तेबोरा," ती म्हणाली, "बुबुसी आहे. तेरेंगाला मला दे."

मावशीनं चटई आणखी पुढे सरकवली.

"माझी मांडी रिकामी झालीय. तिच्या आईनं तिला सोडलंय, शिकायला गेलीय. तुला नाही म्हणायची सवय नाही. अख्ख्या गावात एक तूच आहेस जिनं मला कधी नाही म्हटलं नाही."

तेरेंगा तिच्याकडे बघून हात पसरत होती. ती रोज तिच्याकडे जायचीच ना. मावशीनं तिला उचललं आणि तिचं डोकं हुंगलं. त्या क्षणी माझ्या मनात आलं, देऊन टाक. तिचं एक गेलं, एक दे, फिटंफाट. बघ मी कसली बाई आहे. तुझं पाणी दिलं, आता तुझी पोर देऊन मी माझं पाप फेडायला निघाले होते.

"मावशी, नाही," मी म्हटलं.

बेरिया काकूनं चक्क कानाला हात लावला. मावशीला वाटलं तिनं नीट ऐकलं नाही.

"काय म्हणालीस?"

"नाही. ती माझी नाही. मला देता येत नाही."

"टाकी तरी कुठे तुझी होती?" मावशी म्हणाली. आवाज चढला नव्हता. खरंच विचारत होती. "तीही धाकटीचीच. ती दिलीस ना?"

तेव्हा माझ्या तोंडून आलं. "मावशी, टाकीचं कधीच संपलं होतं. मी दिलं ते विहिरीचं. डुकरांजवळच्या विहिरीचं. मी ओतत होते. माकुरीताच्या कुलपानं काही नाही झालं. कुलूप असतं तर तुझा इओतेबा असता."

बाउरो खाली जाळं शिवत होता, त्याचा हात थांबला.

मावशीनं विचारलं, "हिला काय पाजत होतीस?"

"तेच."

"उकळून?"

खोटं बोलता आलं असतं. माकुरीता, तेव्हासुद्धा जिभेवर आलं होतं.

"हो," मी म्हटलं.

"आणि माझ्याला?"

तिनं तेरेंगाला माझ्या मांडीवर ठेवलं, अगदी सावकाश, झोपलेल्या पोराला ठेवतात तसं, आणि उठून गेली. चटई तिथेच राहिली. आम्ही ती उचललीही नाही आणि तिच्यावर बसलोही नाही.

त्याच संध्याकाळी मी मनेआबात उभी राहिले आणि सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं, म्हणजे तुझ्या नावाचं कुजबुजणं बंद व्हावं. तुझे सासरे पेरानं जमिनीवर ठोकत बसले होते. माझं झाल्यावर म्हणाले, "भरीव वाजते म्हणून मी खूश होत होतो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बाउरोही उठला. म्हणाला, "मी वरून बघितलं आणि गप्प बसलो, मलाही धरा."

आता डुकरं दूर हलवली आहेत. टाकी रिकामी करून चुन्यानं घासली. तुझं कुलूप नळाला परत लावलंय, आणि किल्ली तुझ्या सासऱ्यांकडे. मी रोज सकाळी विहिरीचं पाणी बुडबुडे येऊन वर पाच मिनिटं उकळते आणि एक किटली मावशीच्या दारात ठेवून येते. संध्याकाळी ती रिकामी परत येते. ती पिते की ओतून देते, मला माहीत नाही. विचारायला मी कोण!

तेरेंगा ठणठणीत आहे. चार पावलं टाकली काल, बाउरोच्या हातातून माझ्या हातात. तुला तिला तिकडे घेऊन जायचं असेल तर कळव, मी तिचं सामान बांधून ठेवते. निळी लुंगी तिच्या गाठोड्यात पहिली घालीन. तुला माझं तोंडही बघायचं नसेल तर तेही कळव. काही न कळवलंस तरी चालेल.

एवढं मोठं पत्र लिहिलं, पण त्यात मी माफी मागितलेली नाही, ते तुझ्या लक्षात आलं असेल. विसरले नाही. तू माझ्या रक्ताची आहेस, आणि आपल्यात मागितलं की द्यावंच लागतं. तुला नाही म्हणता यावं, म्हणून मागत नाही.

तेबोरा